सौ. जन्या

माळशेत,
चंपाषष्ठीनंतरचा शुक्रवार, मार्गशीर्ष, सन १९६१

धर्मा,

तुझं कार्ड पोचलं. आशीर्वाद आहे, पण तो या खेपेला वर लिहिला नाही, कारण कार्ड वाचून डोकं फिरलं.

नाताळच्या सुट्टीत तुमचं मंडळ आपल्या टेकडीवर चालायला येणार म्हणतोस. बाया धरून वीसेक माणसं. मी तुझ्या केसरकाकूला वाचून दाखवलं. ती पाखडत होती. म्हणाली, "कोणाची गाय हरवलीय?"

"न्हाय गं. चालायला येतायत."

"पण कुठं जायचंय त्यांना?"

"कुठं न्हाय. नुसतं चालायचंय."

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मलाच लागिर झालंय.

तुझा बाप गिरणीत दिवसभर उभा राहतो, त्याचे पाय सुजतात. तू गोदीच्या हपिसात खुर्चीवर बसतोस, म्हणून तुला रविवारी पाय मोकळे करायला बोटीचं भाडं भरावं लागतं. आधी राणीच्या बागेत फिरत होता, मग बोरिवलीच्या रानात, आता आमच्या अंगावर आलात. मंडळाचं नाव काय म्हणे, रानवाटा विहार. विहार हा शब्द मी फक्त कीर्तनात ऐकलाय, तिथं देव करतात.

वाट विचारलीस ती सांगते. तुला ठाऊक आहे, पण मुंबईची हवा लागून विसरला असशील. गावामागच्या चिंचेपासून चढायचं. अर्ध्यावर पाट्या टेकवायचा धोंडा आहे, दोन उभ्या दगडांवर एक आडवा, बाईच्या डोक्याच्या उंचीचा. आम्ही भाजीची पाटी डोक्यावरून सरकवून त्याच्यावर ठेवतो, दम खातो, आणि मान खाली घालून परत घेतो. कोणाचा हात लागत नाही. तुमच्या डोक्यावर काही नसणार, तेव्हा तिथं तुमचं काही काम नाही. पुढं खिंड, आणि खिंडीतून उतरलं की आगरदांड्याचा धक्का. तिथं खाडीपार दिघीला जाणाऱ्या तरीची, होडीची माणसं आमच्याकडून शेंगा, तोंडली, माठ घेतात. या वाटेवर माळशेतच्या चुली चालतात. पावसात दुसरी वाट नाही, खाडीचा बांध उधाणाला पाण्याखाली जातो.

टेकडी कागदावर आगरदांड्याच्या विश्वंभरपंतांची आहे, त्यांच्या नारळ-सुपारीच्या बागा खाली आहेत. पण वाट त्यांची नाही. इथं नवाबाचं राज्य होतं तेव्हा आम्ही त्याच वाटेनं जात होतो, राज्य गेलं तरी जातो.

या. पण वालाच्या शेतातून चालू नका. आणि घरी भाकरीला ये.

बायजा

---

मुंबई,
७ जानेवारी १९६२

तीर्थरूप आजीस धर्माचा साष्टांग नमस्कार.

सहल फार छान झाली. तुझ्या हातची भाकरी आणि वालाचं बिरडं मंडळी अजून आठवतात. आमचे अध्यक्ष मार्तंडराव म्हणाले, मुंबईजवळ अशी वाट असून आपल्याला माहीत नव्हती ही शरमेची गोष्ट आहे. आजी, तुला हसू येईल, पण इथे बागेत गेलं तर जागोजागी पाट्या असतात: हिरवळीवर चालू नये. फुलांना हात लावू नये. मलबार हिलच्या बागेत तर चालण्यापेक्षा वाचायलाच जास्त लागतं. तुमच्या टेकडीवर कुणी अडवत नाही.

आणखी एक. उतरल्यावर विश्वंभरपंतांनी आम्हा सगळ्यांना शहाळी दिली. फार सज्जन माणूस. खिंडीजवळ मंडळाला एक झोपडी बांधायला जागा देतो म्हणाले. मार्तंडराव फार खूश आहेत. मी यंदा मंडळाचा चिटणीस झालो आहे, तेव्हा हे काम माझ्याकडेच आलं.

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत मंडळी पुन्हा येतील आणि वाट चुकू नये म्हणून एखादी पाटी लावतील. मला रजा मिळेलसं वाटत नाही. खिंडीत बसायला काही नव्हतं, त्याचीही सोय करायची आहे.

काकांना, काकूला नमस्कार.

तुझा
धर्मा

---

माळशेत,
माघी गणपती झाल्यावर, सन १९६२

धर्मा,

पाटी ही डोक्यावर घ्यायची वस्तू आहे. खांबाला टांगतात तो बोर्ड. एवढं तरी विसरू नकोस.

तुमच्या माणसांनी बोर्ड लावला. निळ्या फळीवर पांढरी अक्षरं, चिंचेच्या वर, वाट सुरू होते तिथं. आम्ही बाजाराला निघालो होतो. सोनूबाई म्हणाली, "बायजाक्का, तुला येतं ना, वाच." मी वाचलं. वर लिहिलंय, माळशेत-आगरदांडा पायवाट. त्याच्या खाली, श्री. विश्वंभरपंत यांच्या सौ. आणि त्याच्या खालच्या ओळीत, जन्याने.

आता मला सांग, ही सौ. जन्या कोण? विश्वंभरपंतांची बायको अनुसूयाबाई, ते सगळ्या आगरदांड्याला ठाऊक आहे. मुंबईला त्यांच्या सुपारीच्या खेपा जातात, तिकडं दुसरी केलीय का? आणि केली तर केली, तिचं नाव आमच्या वाटेवर कशाला? सोनूबाई म्हणाली, जन्यानं वाट दिली असा त्याचा अर्थ होतो. मी म्हटलं, वाट द्यायला ही कोण जन्या, हिचं तोंड तरी बघितलंय का वाटेनं कधी. धक्क्यावर पोचेपर्यंत आम्हाला दुसरा विषय नव्हता.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण धोंडा नाही. उभे दोन दगड जागेवर आहेत, वरचा आडवा गेला. चार माणसांशिवाय हलायचा नाही असा धोंडा, वाऱ्यानं उडाला नाही. केसर पाटी घेऊन तिथं पोचली, टेकवायला गेली, आणि मधे काहीच नाही. पाटी खाली, माठ मातीत, केसरच्या मानेत चमक. आता पाटी जमिनीवर ठेवली तर परत डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते. एकटीदुकटीनं बाजार करायचा बंद झाला.

माझा अंदाज आहे की त्या जन्यानंच नेला असणार. कपडे धुवायला दगड हवा असेल तिला.

तुझी माणसं त्या दिवसात वर होती. त्यांना विचार. आणि तू आला होतास का? खरं सांग.

बायजा

---

मुंबई,
२५ फेब्रुवारी १९६२

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

आजी, आधी हे वाच आणि मग दुसरं काम कर. जन्या नावाची कुणी बाई नाही. तो शब्द 'सौजन्याने' असा आहे. फळी अपुरी पडली म्हणून ओळ मधेच तुटली. सौजन्य म्हणजे चांगुलपणा. विश्वंभरपंतांच्या चांगुलपणामुळे आपल्याला ही वाट चालायला मिळते, असा आभाराचा मजकूर आहे. मुंबईत असं लिहायची पद्धतच आहे. नाटकाच्या जाहिरातीतसुद्धा असतं.

तू हे कुणाकुणाला सांगितलंस? सोनूबाईला माहीत आहे म्हणजे धक्क्यावर गेलंच असणार. कृपा करून तिला सांग की चूक झाली. विश्वंभरपंतांसारख्या माणसाच्या घरात असली गोष्ट जाणं बरं नाही. मंडळाच्या झोपडीचं सगळं त्यांच्या शब्दावर आहे.

धोंड्याची चौकशी करतो. मी त्या खेपेला आलो नव्हतो, त्यामुळे मला नक्की काही माहीत नाही.

काकूच्या मानेला राईचं तेल लावा.

तुझा
धर्मा

---

माळशेत,
रंगपंचमी, सन १९६२

धर्मा,

तुझं पत्र उशिरा आलं. आणि लवकर आलं असतं तरी मी धक्क्यावर जाऊन माझी चूक झाली असं ओरडणार नव्हते. बोर्डावर होतं तसं वाचलं. ओळ ज्यानं मोडली त्यानं मोडली.

अनुसूयाबाई स्वतः धक्क्यावर आल्या होत्या. भर दुपारी, छत्री घेऊन. बायांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरात जन्या कोण आहे गं?"

सोनूबाई म्हणाली, "आम्हास्नी काय ठावं बाई. बोर्डावर लिवलंय."

"काय लिहिलंय?"

"का तुमच्या मालकांच्या सौभाग्यवती जन्याबायनं वाट दिली."

बाई टेकडी चढून आल्या. लुगडं सावरत, पायात वहाणा. त्या शिकलेल्या, त्यांना बोर्ड कळला असणार. पण तोवर तरीचा तांडेलसुद्धा हसला होता, आणि सुपारीची मोट बांधणारे गडी एकमेकांना जन्या म्हणून हाका मारायला लागले होते. विश्वंभरपंत बाहेर पडले की मागं कोणीतरी खोकायचं. आठवडाभर त्यांनी सोसलं. मग टेकडीवर गडी आले आणि काटेरी तार मारली, चिंचेच्या वर, उभ्या दोन दगडांच्या पुढं. वाट बंद.

आम्ही बाया गेलो त्यांच्या अंगणात. ओटीवर उभे राहून बोलले, खाली उतरले नाहीत. "बायजाबाई, तुम्हाला वाचता येतं म्हणे. बोर्ड वाचलात ना? माझ्या सौजन्यानं चालत होतात. सौजन्य संपलं."

धर्मा, हे वाक्य मी पानावर पान लिहिलं तरी माझ्या डोक्यातून उतरायचं नाही. त्याचा चांगुलपणा? माझी सासू त्या वाटेनं चालली. तिच्या पोटात तुझा आजा होता तेव्हा चालली. विश्वंभरपंतांच्या बापाला टेकडी कुठून मिळाली ते बापालाच ठाऊक. आम्ही कोणाचं काही घेतलं नव्हतं म्हणून कोणाचा चांगुलपणा मागायची वेळ आली नव्हती. तुमच्या फळीनं तो आमच्या गळ्यात बांधला.

आता पाऊस दोन महिन्यांवर आलाय. बांध पाण्याखाली गेला की भाजी घरात कुजणार.

मुरूडला मामलेदाराकडं अर्ज दिलाय. सही माझी आहे, अंगठा नाही. तिथला कारकून म्हणाला, वहिवाट असेल तर मामलेदार तार काढायला लावतो. वहिवाट म्हणजे न विचारता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पिढ्यान्‌पिढ्या केलेली ये-जा. मी म्हटलं, तेच तर आहे. तर म्हणाला, "पण आजी, समोरच्यानं बोर्ड दाखवलाय. बोर्ड सांगतो की परवानगीनं चालत होता. परवानगीनं चाललं की वहिवाट नसते."

तुमचे आभार आमच्या गळ्याशी आले, कळलं?

आणि आता शेवटचं. तू तिसरीत होतास, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत मास्तर व्हायची हौस होती तुला. मला खडू दिलास आणि मागच्या भिंतीवर गिरवायला लावलंस. ज काढताना तू शेवटचा फाटा खाली ओढायचास, मांजराच्या शेपटीसारखा. पुस्तकातल्या ज ला शेपटी नसते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर हात बसला होता. या सगळ्या मुलखात शेपटीचा ज दोनच माणसं काढतात.

बोर्डावरच्या जन्याला शेपटी आहे.

म्हणजे तू आला होतास. तिथून खाली आपली कौलं दिसतात, चुलीचा धूर दिसतो. फळी रंगवलीस आणि तसाच उतरून बोटीत बसलास. वर मला लिहितोस, त्या खेपेला आलो नव्हतो.

उत्तर पाठव. राईच्या तेलाचं नको.

बायजा

---

मुंबई,
८ एप्रिल १९६२

आजी,

हो, मी आलो होतो. बोर्ड मी रंगवला. घरी यायला वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मंडळी विश्वंभरपंतांकडे जेवायला बसणार होती आणि चिटणीस गैरहजर राहिला तर वाईट दिसलं असतं. मग घरी येऊन फक्त तोंड दाखवून जावं तर तू काय म्हणशील, म्हणून आलोच नाही.

धोंड्याचंही सांगतो. खिंडीत, जिथून समुद्र आणि जंजिरा दिसतो, तिथे बसायला बाक हवा होता. मार्तंडरावांना तो दगड आवडला. ते म्हणाले, केवढा गुळगुळीत आहे, जुन्या देवळाचा असावा, इथे रानात पडून काय उपयोग. सगळ्यांनी उचलून वर नेला. मला माहीत होतं तो कशाचा आहे. पण आजी, वीस माणसं उत्साहानं उचलत असताना 'तो भाजीच्या पाट्यांचा आहे' असं म्हणायला तोंड उघडलं नाही. पुढे कुणी विचारलं असतं, तुला कसं माहीत.

आता काय करायचं ते शांतपणे ठरवू. मंडळाच्या कमिटीत विषय निघाला. सर्वांचं मत पडलं की मंडळानं खेड्यातल्या भांडणात पडू नये. मी साक्षीला आलो तर झोपडीची जागा जाईल आणि चिटणीसपदही. मी मामलेदारांना एक दिलगिरीचं पत्र पाठवतो, त्यात लिहितो की मजकूर गैरसमजुतीनं लिहिला गेला.

आणि एक सुचवू? रागावू नकोस. विश्वंभरपंत मनानं वाईट नाहीत. जन्याच्या गोष्टीनं दुखावले आहेत. तू एकदा जाऊन गोड शब्दात विनंती केलीस, तर ते वाट नक्की देतील.

तुझा
धर्मा

---

माळशेत,
चैत्र, हनुमान जयंतीच्या आधी

धर्मा,

ते वाट देतील. मी घेतली की ती त्यांची झाली. एवढं तुझ्या मॅट्रिकच्या डोक्यात कसं शिरत नाही? आज गोड बोलून घेतली तर पुढल्या शिमग्याला पुन्हा गोड बोलायचं. मी मेले की केसरनं बोलायचं. कधी कोणाचं गोड कमी पडलं, की तार. तोंड गोड करून चालायची वाट मला नको. मला ती कोणाकडून नको, ती आमची आहेच.

दिलगिरीचं पत्र ठेव तुझ्या खिशात. कारकुनाला विचारलं. म्हणाला, पत्राला उलट प्रश्न विचारता येत नाही, माणूस पाहिजे.

मामलेदार स्वतः टेकडी बघायला येणार आहेत. अक्षय्य तृतीयेनंतरच्या मंगळवारी, सकाळी, धक्क्याकडून चढतील. आम्ही तारेच्या अलीकडं असू. पलीकडं आम्हाला जाता येत नाही, राखणदार बसवलाय. तेव्हा वरच्या बाजूला आमच्यातर्फे बोलायला कोणी नाही. विश्वंभरपंत बोलतील, त्यांचा वकील बोलेल, आणि तुझा बोर्ड बोलेल.

'तुला कसं माहीत' असं कोणी विचारेल म्हणून घाबरलास. तुझी आई मुंबईला जायच्या आधी याच धक्क्यावर तोंडली विकायची, तिच्या पाटीमागं तू कमरेला करदोडा घालून पळायचास. विचारणाऱ्याला हे सांगायचं. त्यात लाज कसली वाटली ते मला एकदा समजाव, पण समोर येऊन.

आलास तर ये. नाही आलास तर मी तुला पत्र लिहायची नाही. तुझी शाळा इथं संपली असं समज.

बायजा

---

मुंबई,
१३ मे १९६२

आजी,

तू मला पाहिलंस का, ते माहीत नाही. मी तुला पाहिलं. खिंडीतून खाली, तारेपलीकडे, एका ओळीत पाट्या दिसत होत्या. माणसं दिसत नव्हती, उन्हामुळे नुसत्या पाट्या. तिथवर यायचं होतं, पण रजा एकाच दिवसाची होती आणि बोट चुकली असती. या वेळी हे खरं आहे.

मी धक्क्यावर उतरलो तेव्हा मामलेदारसाहेब, त्यांचा कारकून, विश्वंभरपंत आणि वकील निघालेच होते. मी मागे चालत राहिलो. विश्वंभरपंतांनी मला ओळखलं आणि हसून म्हणाले, "या चिटणीस." त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूनं आलोय.

साहेब जरा जाडे आहेत. खिंडीत पोचेपर्यंत घामाघूम झाले आणि सरळ धोंड्यावर बसले. वकिलानं सुरुवात केली, मालकी, सातबारा, बोर्डाचा मजकूर. मी रात्रभर बोटीवर पाठ केलेलं सगळं विसरलो. मला एवढंच म्हणता आलं, "साहेब, जरा उठता का?"

ते उठले. धोंड्यावर हात फिरवला. दोन खळगे आहेत ना त्यावर, वर्षानुवर्षं घासून पडलेले, तिथे त्यांचं बोट थांबलं. "हे कशानं?"

"पाट्यांनी," मी म्हणालो.

विश्वंभरपंत म्हणाले, "तो बाक आहे. यांच्याच मंडळानं ठेवला."

"ठेवला," मी म्हणालो, "पण आणला खालून. तारेपलीकडे दोन दगड उभे आहेत, त्यांच्यावर होता. मी उचलायला होतो. पुढचा कोपरा मीच धरला होता." हे तुला मागच्या पत्रात सांगितलं नव्हतं.

वकिलानं विचारलं, मंडळाचा गावाशी संबंध काय, याला कसं माहीत. मी सांगितलं, माझी आई याच वाटेनं तोंडली घेऊन जायची. मग बोर्डाचं विचारलं. म्हणालो, सौजन्य हा शब्द माझा. विश्वंभरपंतांनी मागितला नव्हता आणि माळशेतमध्ये मी कुणाला विचारला नव्हता.

साहेब खाली उतरायला लागले. मी धक्क्याकडे पळालो.

काल कमिटीची सभा झाली. झोपडी गेली, माझं पदही गेलं. मार्तंडराव म्हणाले, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. फार एकटं वाटतं आहे. निकाल काय झाला ते कळव. वाट उघडली असेल तर पावसाळ्यानंतर मी एकटा येईन म्हणतो, नुसता चालायला.

तुझा
धर्मा

---

माळशेत,
वैशाख संपता संपता, सन १९६२

चि. धर्मा यास आजीचा आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धर.

साहेब खाली आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि डोक्यावर पाट्याही होत्या. मी, केसर, सोनूबाई, सगुणा, सगळ्या. ते तारेपलीकडून म्हणाले, "बायांनो, ओझी खाली ठेवा, मग बोलू."

मी म्हटलं, "कुठं ठेवू?"

"ठेवा की जमिनीवर."

"मग परत वर कोण चढवणार, तुम्ही?"

केसर हसली, तिची मान अजून दुखते तरी. साहेबांनी त्या उभ्या दोन दगडांकडं बघितलं. मग वर खिंडीकडं बघितलं. मग कारकुनाला टेप लावायला सांगितली, दोन दगडांमधलं अंतर लिहून घेतलं. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं तू वर काय बोललास. पण साहेबांचं बघणं बघून मी सोनूबाईला म्हटलं, वर कोणीतरी तोंड उघडलेलं दिसतंय.

वकिलानं मला विचारलं, इतकी वर्षं कोणाच्या परवानगीनं जात होता. मी म्हटलं, मी जायला लागले तेव्हा विश्वंभरपंत पाळण्यात होते, विचारायचं राहून गेलं. विश्वंभरपंत तिथंच उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. हसू दाबलं की राग, ते मला दिसलं नाही.

निकाल परवा आला. मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला, या खेपेला ओळ कुठं मोडली ते बघून. तार काढायची. माळशेतच्या वाटेनं ओझं घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्यांना कोणी अडवायचं नाही. बोर्ड काढायचा. तो मी आणलाय, पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बरोबर बसतो.

पण पुढं एक ओळ आहे, ती तुझ्यासाठी आहे. करमणुकीसाठी फिरणाऱ्यांना ही वहिवाट लागू नाही, त्यांनी मालकाची परवानगी घ्यावी. म्हणजे तू. नुसता चालायला येईन म्हणतोस ना, तर जा विश्वंभरपंतांच्या अंगणात आणि गोड शब्दात विनंती कर. मी मुद्दाम विचारून घेतलं, पाठीवरची पिशवी ओझ्यात धरतात का. कारकून म्हणाला, आत काय आहे त्यावर आहे. मी म्हटलं, डबा आणि दुर्बीण. म्हणाला, नाही.

पद गेलं, मंडळ गेलं, एकटं वाटतं, असं सगळं लिहिलंयस. माझ्याकडून शाबासकी हवी असेल तर ती मिळायची नाही. धोंडा तू उचललास, बोर्ड तू रंगवलास, आणि शेवटी खरं बोललास ते आम्ही शिमग्यापासून उन्हात उभ्या राहिल्यावर. तुझ्या आईचं नाव साहेबांपुढं घेतलंस, तेवढं मी ऐकून ठेवलं.

अनुसूयाबाई परवा धक्क्यावर आल्या होत्या. सोनूबाईकडून माठाची जुडी घेतली, भाव केला नाही, आणि जाता जाता विचारलं, "काय गं, जन्या बरी आहे ना?" आता आम्ही धोंड्यालाच जन्या म्हणतो. काहीतरी नाव पडायचंच होतं.

तर जन्या अजून वर खिंडीतच बसलीय, समुद्र बघत. तिला खाली आणायचं आहे. विश्वंभरपंतांचे गडी हात लावणार नाहीत आणि आमच्या गड्यांनी का लावावा. ज्यांनी वर नेली त्यांनी खाली आणायची. मी निकाल तिसऱ्यांदा वाचून घेतला, ओझं घेऊन जाणाऱ्यांना अडवायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. जन्या हे ओझंच आहे. तेव्हा ती उचलून असाल तोवर तुम्हाला त्या वाटेवर कोणाची परवानगी लागत नाही.

मृग लागायच्या आत ये. मार्तंडरावाला घेऊन ये, आणि या वेळी पुढचा कोपरा त्याला दे. उतार फार आहे. आणि त्याला निघायच्या आधीच सांगून ठेव, मधे दम लागला तर टेकवायला वाटेत काही नाही.

बायजा